अ‍ॅव्हरेज आणि पिकअप वाढवणारी यंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांच्या नावाने येत राहतो: "अमुक यंत्र बसवू का?" कधी सोबत जाहिरातीचा फोटो असतो, कधी मेहुण्याने आधीच बसवलेलं असतं आणि फक्त शिक्कामोर्तब हवं असतं. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. भर चारचाकीवर आहे.

1. अ‍ॅव्हरेज वाढवणारं यंत्र बसवलं तर खरंच फरक पडतो का? एका वाक्यात सांगा.

नाही.

दुसरं वाक्य हवंच असेल तर: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1970च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली, त्यातल्या मोजक्यांनी किंचितसा फायदा दाखवला आणि काहींनी उलट धूर वाढवला. पिकअपची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिथे काही उपाय खरे आहेत (प्रश्न 10). पैसे वाचवण्याचा एक उपायही खरा आहे (प्रश्न 14).

2. पण इंजिनात बरंचसं पेट्रोल न जळताच वाया जातं म्हणतात. ते पूर्ण जाळलं तर अ‍ॅव्हरेज वाढणारच ना?

सगळ्या जाहिराती याच एका समजुतीवर उभ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

पेट्रोल इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग चाकांच्या कामी लावतं, हे खरं आहे. पण उरलेली ऊर्जा न जळलेल्या पेट्रोलच्या रूपात बाहेर पडत नाही. पेट्रोल जळतं, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. आजच्या फ्युएल इंजेक्शन इंजिनात आत गेलेलं 97-98 टक्के इंधन सिलिंडरमध्येच जळतं. राहिलेलं थोडंफार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या डबीत) संपतं. म्हणजे जगातलं सर्वांत भारी यंत्र लावून ज्वलन शंभर टक्के केलं, तरी हाती लागणार दोन-तीन टक्के. तिथे जाहिरात 30 टक्क्यांची असते.

दुसरं म्हणजे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा, हे प्रमाण राखण्यासाठी ईसीयू सेकंदाला अनेकदा इंजेक्टरची वेळ बदलत असतो. बाहेरून तुम्ही हवा वाढवा, काहीही सोडा, तो पुन्हा त्याच आकड्यावर आणतो. आणि खरोखरच पाव पेट्रोल न जळता बाहेर पडत असतं, तर ते कन्व्हर्टरमध्ये जळून त्याने कन्व्हर्टर काही दिवसांत वितळवला असता. एखाद्या सिलिंडरचा स्पार्क बंद पडलेली गाडी तशीच दामटली की नेमकं हेच होतं.

3. मग कंपनीच हे का बसवत नाही? की तेल कंपन्या असले शोध दाबून ठेवतात?

"कितना देती है?" ही जाहिरात ज्या देशात चालली, तिथे दीड हजारांच्या डबीने अ‍ॅव्हरेज 20 टक्के वाढत असेल आणि कंपनी ती बसवणार नाही, हे पटतं का? आता तर कायद्याचाही रेटा आहे. भारतात 2017-18 पासून प्रत्येक कंपनीच्या विकल्या गेलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आहे, आणि 2022-23 पासून ती किलोमीटरला 113 ग्रॅमच्या आसपास आणली आहे. त्यात एक-दोन ग्रॅम वाचावेत म्हणून कंपन्या पातळ ऑइल वापरतात, कमी घर्षणाचे टायर घालतात, पत्रा हलका करतात, स्टेपनी बारीक देतात.

दाबून ठेवलेल्या शोधाची कथा नवी नाही. 1930च्या दशकात कॅनडातल्या चार्ल्स नेल्सन पोग यांनी गॅलनला 200 मैल देणाऱ्या कार्ब्युरेटरचा बोलबाला केला होता. पेटंटही मिळालं होतं. पेटंट सगळ्यांना वाचायला खुलं असतं आणि त्याची मुदत केव्हाच संपली आहे. आज कुणीही तो कार्ब्युरेटर बनवू शकतो, पण त्याचं अ‍ॅव्हरेज काही कुणाला मिळालेलं नाही.

4. स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्टला (बिघाड वाचायच्या सॉकेटला) लावायची हिरवी-निळी डबी ईसीयूला 'शिकवते' म्हणे?

हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी या डब्या उघडून पाहिल्या आहेत. आत एक साधी चिप, दोन-तीन एलईडी आणि ते लुकलुकवायचा प्रोग्राम. गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या 'कॅन' जाळ्याशी बोलायला लागणारा भागच बऱ्याच डब्यांत नसतो. जी ईसीयूशी बोलतच नाही ती शिकवणार काय? 'दीडशे किलोमीटर चालवा, मग फरक दिसेल' ही सूचना मात्र धूर्त आहे. तेवढ्यात तुमची टाकी बदलते, रस्ता बदलतो आणि माल परत करायची मुदतही संपत येते.

ओबीडीला लावायचे स्कॅनर वेगळे. ते फक्त वाचतात, आणि चेक इंजिनचा दिवा लागल्यावर खूप उपयोगी पडतात.

5. सिगारेट लायटरमध्ये लावायचं व्होल्टेज स्टॅबिलायझर? आणि जाड वायरींचं अर्थिंग किट?

अल्टरनेटरला स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि बॅटरी उरलेले चढउतार गिळते. ईसीयू आत येणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे इंजेक्टरची वेळ दुरुस्तही करतो. चांगल्या गाडीत स्टॅबिलायझर दुरुस्त करेल असं काही नसतं. अर्थिंगची मूळ वायर गंजली असेल तर ती बदला. काम होईल, आणि किटच्या मानाने फार स्वस्तात.

6. पेट्रोलच्या पाइपावर बसवायचा चुंबक? माझ्या काकांनी ट्रॅक्टरलाही लावलाय.

पेट्रोल-डिझेलवर चुंबकाचा परिणाम नगण्य. हे रेणू चुंबकाकडे ओढले जात नाहीत, उलट अत्यंत क्षीणपणे ढकलले जातात, आणि पाइपातून पुढे सरकताच तेवढाही परिणाम उरत नाही. 'रेणूंचे पुंजके फुटतात' हे वाक्य या धंद्यातच तयार झालेलं आहे. इंजेक्टर तसाही इंधनाचा बारीक फवारा करतोच. काकांना सांगा, ट्रॅक्टरचं एअर फिल्टर साफ ठेवलं तर तेवढ्या पैशात जास्त फायदा आहे. शेतातल्या धुळीत डिझेल इंजिनाला त्याचा खरोखर फरक पडतो.

7. पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं एचएचओ किट? यात तर विज्ञान आहे!

विज्ञान आहे, म्हणून हिशोबही करता येतो.

ताशी 80 किलोमीटरने जाणारी, लिटरला 20 देणारी गाडी तासाला 4 लिटर पेट्रोल पिते. म्हणजे मिनिटाला सुमारे 2,100 किलोज्यूल ऊर्जा. किट मिनिटाला एक लिटर हायड्रोजन देतं असं धरू. बाजारातल्या बऱ्याच किटांसाठी हे उदारच धरलेलं आहे. त्या लिटरभर हायड्रोजनमध्ये ऊर्जा सुमारे 10 किलोज्यूल, म्हणजे गाडीच्या गरजेच्या अर्धा टक्का.

आता खर्चाची बाजू. तेवढा हायड्रोजन वेगळा करायला साधारण 18 किलोज्यूल वीज लागते. ती येते अल्टरनेटरमधून, त्यातही जवळपास 40 टक्के उष्णतेत जातं. अल्टरनेटरला फिरवतं इंजिन, आणि इंजिन पेट्रोलमधली तीन चतुर्थांश ऊर्जा वाया घालवून उरलेल्यावर काम करतं. सगळं मिळून 10 किलोज्यूलचा हायड्रोजन मिळवायला शंभराच्या वर किलोज्यूलचं पेट्रोल जाळावं लागतं. 'हायड्रोजनमुळे पेट्रोल जास्त चांगलं जळतं' असा पुढचा युक्तिवाद येतो. त्याचं उत्तर प्रश्न 2 मध्ये आहे.

काही किटांबरोबर ऑक्सिजन सेन्सरला फसवणारी सर्किटं येतात. त्यांनी मिश्रणातलं पेट्रोल कमी होतं, आकडा थोडा सुधारल्यासारखा दिसतो, आणि इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतात. शिवाय बॉनेटखाली हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठलेली बाटली असते, ती वेगळी भीती.

पाण्यावर किंवा पाल्यावर गाडी चालवण्याची भुरळ आपल्याकडे जुनी आहे. 1996 मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांच्या 'हर्बल पेट्रोल'ने देशभर खळबळ उडवली होती. सीबीआयच्या तपासात त्यात टोल्युइन, नाफ्थासारखी पेट्रोलियमचीच द्रावकं निघाली आणि 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली.

8. इनटेकमध्ये बसवायचा इलेक्ट्रिक टर्बो किंवा हवेला भोवरा देणारी पत्र्याची चकती?

1,200 सीसीचं इंजिन 6,000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 3,600 लिटर हवा ओढतं. एवढी हवा दीडपट दाबाने आत ढकलायची तर तीन-चार किलोवॅट ताकद हवी, म्हणजे 12 व्होल्टवर 300 अँपिअरच्या आसपास. तुमचा पंखा हॉर्नच्या फ्यूजवर चालतोय. जोरात रेस दिली की तो हवा पुढे ढकलत नाही, वाटेत अडथळा बनून उभा राहतो. पत्र्याची चकती तर पहिल्यापासून अडथळाच. आणि तिचं एखादं पातं सुटून आत गेलं तर खर्च कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. काही महागड्या परदेशी गाड्यांत खरे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतात, पण ते 48 व्होल्टवर चालतात आणि गाडीबरोबरच बनवलेले असतात.

9. धुवून पुन्हा वापरता येणारं परफॉर्मन्स एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर?

आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात नुसत्या फिल्टरने एक-दोन हॉर्सपॉवर, तेही वरच्या आरपीएमला. अ‍ॅव्हरेजवर काहीच नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेली फिल्टरं लावून पाहिली. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं अ‍ॅव्हरेज जाणवण्याइतकं घटलं नाही, पिकअप मात्र घटला. घाणेरड्या फिल्टरनेच अ‍ॅव्हरेज पडत नसेल, तर जास्त मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कुठून? (कार्ब्युरेटरच्या गाडीचा हिशोब निराळा, प्रश्न 20.)

तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो आणि गाडी झटके खाऊ लागते. सायलेन्सरबद्दल एवढंच की बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर पोलिसांनी ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

10. मग ईसीयू रिमॅप? तेही थोतांडच का?

रिमॅप, म्हणजे ईसीयूतला प्रोग्राम बदलणं, खरा आहे. या पानावर 'हो, ताकद वाढते' असं बेधडक सांगता येईल असा हाच एक प्रकार. फक्त कुठल्या गाडीत, ते बघा.

टर्बो असेल तर हवेचा दाब वाढवता येतो, त्या प्रमाणात इंधन वाढवता येतं, आणि 20-30 टक्के ताकद मिळणं अगदी शक्य आहे. कंपनी एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीत विकते ते असंच. रांजणगावला बनणारं फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल एका गाडीत 75 हॉर्सपॉवरचं होतं आणि दुसरीत 90चं. पण तिथेही फरक फक्त प्रोग्रामचा नव्हता, 90वाल्याला वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. रिमॅपवाला टर्बो तोच ठेवतो आणि त्याच्याकडून जास्त काम करून घेतो. टर्बो नसलेल्या वॅगन आर किंवा आय टेनमध्ये पाचेक टक्के मिळाले तरी पुष्कळ. तिथे पैसे घालू नका.

ताकद वाढली की ती पुढच्या भागांनाही पेलावी लागते. क्लच आधी घसरायला लागतो. फोक्सवॅगन-स्कोडाचं 1.5 लिटर टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन मुळातच 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधारण तेवढ्याच मर्यादेचा आहे. तिथे रिमॅप म्हणजे गिअरबॉक्सचं आयुष्य विकून पिकअप घेणं. वॉरंटीबद्दल प्रश्न 19 पाहा.

रिमॅपऐवजी वायरींमध्ये जोडायची 'ट्यूनिंग बॉक्स' डिझेलवाल्यांत फार चालली. तिचं काम सोपं आहे: कॉमन रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला खोटं सांगायचं. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, गाडी पळते. आता गंमत बघा. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज ईसीयू त्याच खोट्या दाबावरून काढतो, म्हणजे प्रत्यक्षात गेलेलं जास्तीचं डिझेल त्याच्या हिशोबात येतच नाही. स्क्रीनवर आकडा सुधारतो आणि ग्राहक तोच फोटो सगळ्यांना पाठवतो. पंपावरच्या पावत्या जोडून पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं.

11. थ्रॉटल कंट्रोलर लावल्यावर गाडी उडायला लागली. हा तरी खरा ना?

हल्ली अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे एक सेन्सर असतो. कंट्रोलर तुम्ही 30 टक्के दाबलेलं पेडल 60 टक्के दाबल्याचं ईसीयूला सांगतो. पूर्ण दाबलं की दोन्ही सारखंच. घड्याळ दहा मिनिटं पुढे लावल्याने एसटी लवकर सुटत नाही. सुस्त पेडलाचा कंटाळा आला असेल तर लावा, पण ताकद वाढली असं म्हणू नका.

12. ई-20 (20 टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. ते भरून काढणारं अ‍ॅडिटिव्ह मिळतं का?

तुमची तक्रार खोटी नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच म्हटलं आहे की ई-20 साठी न बनवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज 6-7 टक्के घटू शकतं, दुचाकींचं 3-4 टक्के, आणि ई-20 प्रमाणे जुळवलेल्या गाड्यांचं 1-2 टक्के.

कमी असलेली ऊर्जा पन्नास मिलिलिटरच्या बाटलीतून येणार नाही. टाकीत 35 लिटर इंधन असताना त्या बाटलीत निव्वळ पेट्रोल असतं तरी फरक पडला नसता. 'इथेनॉल प्रोटेक्शन' म्हणून विकतात ते गंज आणि रबराच्या भागांबद्दल असतं, त्याचा अ‍ॅव्हरेजशी संबंध नाही.

इंजेक्टर साफ करणारी द्रव्यं वेगळी. बऱ्याच चाललेल्या, मळलेल्या इंजिनात ती हरवलेलं थोडं परत आणू शकतात. नव्या गाडीत परत आणण्यासारखं काही नसतं. अ‍ॅसिटोन किंवा कापूर टाकीत टाकायचे सल्ले फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अ‍ॅसिटोन रबर खातं.

13. 95 किंवा 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची ती क्षमता. तुमच्या गाडीच्या पुस्तकात 91 लिहिलं असेल तर 100 टाकून पंपवाल्याचा फायदा. जास्त कॉम्प्रेशनची किंवा टर्बो पेट्रोल गाडी असेल, आणि पुस्तकातच 95 सुचवलं असेल, तर उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट चढताना फरक जाणवू शकतो. लिटरमागे जास्त मोजलेल्या पैशाइतका मात्र कधीच नाही.

14. सीएनजी किट हेही बाहेरून बसवलेलं यंत्रच. त्याने तर खरंच वाचतात!

वाचतात. पण अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणून नाही. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे 'लिटरला 18 आणि किलोला 26' ही तुलनाच चुकीची. रुपयात प्रति किलोमीटर काढा. रोजचं धावणं जास्त असेल तर हिशोब बसतो. ताकद दहाएक टक्के कमी होते, कारण सिलिंडरमध्ये हवेची जागा वायू घेतो. किट मान्यताप्राप्त हवं, आरसीवर नोंद हवी आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी.

इथेच एक खरा अपवाद आहे: टायमिंग अ‍ॅडव्हान्सर. मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून स्पार्क थोडा आधी पडायला हवा. पेट्रोलच्या टायमिंगवरच सीएनजी चालवणाऱ्या, बाहेरून किट बसवलेल्या गाडीत चांगला अ‍ॅडव्हान्सर पिकअप थोडा सुधारतो. पेट्रोलवर आल्यावर तो आपोआप बंद व्हायला हवा, नाहीतर इंजिन खडखडतं. कंपनीने बसवून दिलेल्या सीएनजी गाडीत याची गरज नाही, तिथे वेगळा मॅप आधीच असतो.

15. इंजिन ऑइलमध्ये टाकायची औषधं, आणि टायरमध्ये नायट्रोजन?

टेफ्लॉनवाल्या औषधांवर अमेरिकेत खटले झाले. 'स्लिक 50'ला 1997 मध्ये तिथल्या व्यापार आयोगासमोर आपले दावे मागे घ्यावे लागले. पुस्तकात 0डब्ल्यू-20 लिहिलेलं असताना गॅरेजवाल्याने '20डब्ल्यू-50 टाका, जाड असतं, बरं असतं' म्हटलं तर ऐकू नका. त्याने एक-दोन टक्के अ‍ॅव्हरेज उलट जातं. नायट्रोजन तर साध्या हवेतच 78 टक्के आहे. दाब बरोबर ठेवा, वायू कुठलाही चालेल.

16. माझ्या मित्राचं अ‍ॅव्हरेज 14 वरून 17 झालं. तो काय खोटं बोलतोय?

नाही, त्याने 17 पाहिले असणार.

माणूस यंत्र कधी विकत घेतो? अ‍ॅव्हरेज सर्वांत खराब असतं तेव्हा. भर पावसाळ्यात, खड्डे, तुंबलेला रस्ता, एसी सतत सुरू, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. महिन्याभराने रस्ता मोकळा होतो, दिवाळीत गावाला जाऊन येणं होतं आणि आकडा आपसूक वर येतो. श्रेय डबीला. बसवायला गेलेला मेकॅनिक जाता जाता फिल्टर झटकतो, टायरमध्ये हवा भरतो, हेही होतं. शिवाय पैसे घातलेले असतात, म्हणून माणूस स्क्रीनवरच्या आकड्याकडे बघत हलक्या पायाने चालवतो. या शेवटच्या कारणाने 10 टक्के फरक सहज पडतो, आणि तो फुकटात मिळतो.

त्यात मोजण्याची चूक. पंपाचा नॉझल कधी लवकर कट होतो, कधी पंपवाला 'राउंड फिगर' करतो. लिटरभराचा फरक रोजचाच. दहा लिटर भरून अ‍ॅव्हरेज काढलं तर लिटरभराने 10 टक्के चूक झाली.

17. मला स्वतः तपासायचंय. कसं करू?

एकच पंप, शक्यतो तोच नॉझल, पहिल्या कटला थांबायचं. टाकी ते टाकी, रिझर्व्हपर्यंत. यंत्राशिवाय तीन-चार टाक्या, यंत्रासह तीन-चार, आणि पुन्हा काढून तीन-चार. शेवटची पायरी कुणी करत नाही, खरी परीक्षा तीच आहे. घरातल्या कुणाला तरी तुम्हाला न सांगता यंत्र लावायला-काढायला सांगता आलं तर फारच उत्तम. डॅशबोर्डचा आकडा धरू नका. एवढं करूनही तीन टक्क्यांच्या आतला फरक घरगुती मोजणीत दिसत नाही.

18. विक्रेता 'एआरएआय टेस्टेड' असल्याचा कागद दाखवतो.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही 1966 पासूनची गाड्या तपासणारी संस्था आहे आणि पैसे भरून तिथे चाचणी करून घेता येते. चाचणीचा अहवाल म्हणजे 'हे यंत्र चालतं' असं प्रमाणपत्र नव्हे. पूर्ण अहवाल मागा, फक्त पहिलं पान नको. कुठली गाडी, कुठली ड्रायव्हिंग सायकल (चाचणीत गाडी चालवण्याचा ठरलेला नमुना), यंत्र लावून आणि काढून किती वेळा, आणि आकडे काय आले ते बघा. आयएसओ 9001, सीई आणि पेटंट यांचा अ‍ॅव्हरेजशी काहीही संबंध नाही. पेटंट कल्पना नवी असल्याचं मिळतं, उपयोगी असल्याचं नाही.

19. वॉरंटी, विमा, आरटीओ, यांचं काय?

चुंबक किंवा लायटरमधली डबी काढून खिशात टाकता येते, तिची कुणी दखल घेणार नाही. वायर कापली, ईसीयूला हात लावला, पेट्रोलच्या लाइनमध्ये काही जोडलं, की त्या भागाची वॉरंटी गेली असं समजा. रिमॅप मूळ फाइल परत टाकून लपवता येतो असं सांगतात. बऱ्याच ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. विमा कंपनीला न कळवलेला बदल आगीच्या दाव्यात हमखास वर येतो.

कायद्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

20. आमच्याकडे कार्ब्युरेटरची जुनी मारुती 800 आहे. तिलाही हेच लागू?

पूर्ण नाही. कार्ब्युरेटरला ऑक्सिजन सेन्सर नसतो, तो चुकीचं मिश्रण आयुष्यभर देत राहू शकतो. त्या काळी इनटेकमध्ये जास्तीची हवा सोडणारे व्हॉल्व्ह पद्मिनी टॅक्सीवाले वगैरे लावत. मिश्रण जाड असेल तर त्यांनी खरंच थोडं पेट्रोल वाचे, आणि पातळ असेल तर इंजिन तापे. तोच फायदा चांगल्या मिस्त्रीकडून जेट साफ करून, फ्लोट आणि टायमिंग जुळवून मिळतो. तुंबलेलं एअर फिल्टरही या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज खरोखर पाडतं. असा मिस्त्री सापडणं हीच आता अवघड गोष्ट आहे.

21. डिझेल गाडीचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला तर अ‍ॅव्हरेज वाढतं हे तरी खरं?

थोडं वाढू शकतं, कारण डीपीएफ साफ करायला ईसीयू मधूनमधून जास्तीचं डिझेल जाळतो. पण हे बेकायदा आहे आणि ती काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाते. डीपीएफ सारखा तुंबत असेल तर बहुधा तुमचं चालवणं फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्यांचं आहे. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालवा. तसं चालवणं होतच नसेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या.

22. मग वाढवायचं तरी कसं? घाटात न्यूट्रल करू का?

न्यूट्रल अजिबात नको. फ्युएल इंजेक्शन गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल जातच राहतं, आणि खंडाळ्याच्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो.

बाकी: रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा. छतावरची मोठी पेटी हायवेवर 6 ते 17 टक्के खाते. चारही टायरचा दाब एक पीएसआयने कमी झाला तर 0.2 टक्के जातं. आपल्याकडे आठ-दहाने कमी असलेले टायर सर्रास दिसतात. वेग 100 वरून 80 वर आणा. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना तर 45-55चा वेग सुचवते, हायवेवर ते कुणाला जमणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

23. मोठे अलॉय आणि रुंद टायर घातल्यावर अ‍ॅव्हरेज दोनने पडलं. काहीतरी बिघडलंय का?

बहुधा दोन गोष्टी झाल्या. रुंद, जड टायरचं घर्षण वाढलं, हे खरं नुकसान. आणि टायरचा घेर मूळपेक्षा मोठा असेल तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, हे कागदावरचं नुकसान. घेर तीन टक्क्यांनी मोठा असेल तर दाखवलेल्या किलोमीटरमध्ये तीन टक्के मिळवून पुन्हा हिशोब करा. फोनवरच्या जीपीएसशी शंभरेक किलोमीटर ताडून पाहिलं की नेमका फरक कळतो. उलटही घडतं: लहान घेराचे टायर घालणाऱ्यांचं 'अ‍ॅव्हरेज' वाढतं.

24. आधीच फसलोय. पैसे परत मिळतील?

प्रयत्न करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, पॅकिंग आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं जपून ठेवा. आधी वेबसाइटकडे लेखी परतावा मागा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीत 'यंत्र चालत नाही' एवढंच लिहू नका. जाहिरातीत किती टक्क्यांचा दावा होता आणि प्रश्न 17 प्रमाणे मोजून तुम्हाला किती मिळाले, ते आकडे पंपाच्या पावत्यांसह जोडा.